चार द्रवांचा सिद्धान्त चुकीचा होता, मग ग्रीक आणि रोमन वैद्यांचे रोगी बरे कसे होत?

आपला प्रश्न असा आहे की, सगळ्या रोगांचे मूळ रक्त, कफ, पिवळे पित्त आणि काळे पित्त या चार द्रवांच्या बिघाडात आहे असे मानणाऱ्या ग्रीक आणि रोमन वैद्यांच्या हातून कोणी खरोखर बरे होत होते का, की रोगी आपोआप बरे होत आणि श्रेय वैद्याला मिळे. ते चुकत होते, तर ती चूक लक्षात यायला दीड हजार वर्षांहून अधिक काळ का लागला, हेही आपण विचारले आहे. आजच्या डॉक्टरने हे सारे वाचण्यात वेळ का घालवावा, हा आपला शेवटचा प्रश्न आहे.

या प्रश्नांच्या मुळाशी एक गृहीत आहे, आणि खरी अडचण तिथेच आहे असे मला वाटते. वैद्य आधी सिद्धान्त मानतो, मग त्यातून उपचार काढतो, त्यामुळे सिद्धान्त चुकला की उपचारही चुकलाच, असे आपण धरून चाललो आहोत. तीसहून अधिक वर्षे हाडांची शस्त्रक्रिया केल्यानंतर आणि निवासी डॉक्टरांना शिकवल्यानंतर मी असे म्हणेन की उपचाराचा मोठा भाग सिद्धान्तातून येतच नाही. तो हातातून, डोळ्यांतून आणि मागच्या रोग्याच्या आठवणीतून येतो, आणि सिद्धान्त पुष्कळदा त्यावर नंतर चढवलेला असतो. त्यामुळे प्राचीन वैद्यांबद्दल मी विचारतो तो प्रश्न वेगळा आहे: आपण केलेले बरोबर झाले की चूक, हे त्यांना कोणत्या आजारात कळू शकत होते, आणि कोणत्या आजारात ते कळण्याची सोयच नव्हती?

पुष्कळ काही परिस्थितीवर अवलंबून होते, हे आधीच सांगितले पाहिजे. ग्रीक वैद्य हिप्पोक्रॅटिस याचा जन्म इ.स.पू. ४६० च्या सुमाराचा आणि रोममध्ये नाव काढलेला ग्रीक वैद्य गेलन याचा मृत्यू इ.स. २१६ च्या आसपासचा. ज्ञानेश्वरी सांगितली गेली तेव्हापासून आजपर्यंत जितका काळ लोटला, जवळजवळ तितका काळ या दोघांमध्ये आहे, म्हणून ‘ग्रीक-रोमन वैद्यक’ असे एकच शास्त्र होते असे समजू नये. हिप्पोक्रॅटिसच्या नावावर असलेले सुमारे साठ ग्रंथसुद्धा एका माणसाचे नाहीत आणि ते एकमेकांशी भांडतात. वैद्य होण्यासाठी परीक्षा नव्हती आणि परवानाही नव्हता. रोगी श्रीमंत नागरिक आहे की खाणीत राबणारा गुलाम, तो इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियासारख्या मोठ्या शहरात आहे की डोंगरातल्या खेड्यात, आणि मुख्य म्हणजे त्याला काय झाले आहे, यावर त्याचे नशीब ठरत असे.

मी हाडांचा डॉक्टर असल्यामुळे हाडांपासून सुरुवात करतो. हा केवळ माझ्या आवडीचा भाग नाही. प्राचीन वैद्यांचे सर्वांत भक्कम लेखन याच विषयावर आहे.

हिप्पोक्रॅटिसच्या संग्रहात अस्थिभंगांवर एक ग्रंथ आहे. मोडलेल्या हातावर पट्टी कशी बांधावी आणि ती नीट बसली आहे हे कसे ओळखावे, ते त्यात सांगितले आहे. पट्टी बांधून झाल्यावर रोग्याला विचारावे की दाब जाणवतो का आणि सर्वांत जास्त कुठे जाणवतो. त्याने सांगावे की दाब आहे, पण बेताचा आहे, आणि मोडलेल्या जागी अधिक आहे. त्या दिवशी आणि त्या रात्री पट्टी थोडी अधिक आवळल्यासारखी वाटेल. दुसऱ्या दिवशी हाताच्या पंजावर थोडी सूज दिसावी, पण ती मऊ असावी. सूज मुळीच नसेल तर पट्टी सैल बसली आहे आणि सूज टणक असेल तर ती फार घट्ट झाली आहे. तिसऱ्या दिवशी पट्टी सैल झालेली आढळली पाहिजे आणि ती पुन्हा बांधली पाहिजे. लाकडी कांबी लगेच लावायच्या नाहीत, सूज उतरल्यावर काही दिवसांनी लावायच्या.

हे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा पुस्तक खाली ठेवून बराच वेळ बसून राहिलो होतो. माझ्या व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत आंब्याच्या झाडावरून पडलेला एक नऊ वर्षांचा मुलगा माझ्याकडे आला होता. त्याच्या कोपराखालची दोन्ही हाडे मोडली होती. एका हाडवैद्याने त्याच दिवशी बांबूच्या कांबी लावून हात करकचून आवळला होता. मुलगा रात्रभर रडला, तेव्हा ‘हाड बसताना दुखणारच’ असे घरच्यांना सांगण्यात आले. चौथ्या दिवशी तो माझ्यापर्यंत पोहोचला तेव्हा पंजा टणक सुजलेला होता आणि बोटे काळवंडून गार पडली होती. हात कापावा लागला नाही, पण आतले स्नायू रक्त न मिळाल्याने मेले होते आणि बोटे कायमची आखडली. आज आम्ही त्याला कंपार्टमेंट सिंड्रोम म्हणतो आणि त्याची कारणमीमांसा दाबाच्या आकड्यांत सांगतो. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या त्या ग्रीक लेखकाला स्नायूंच्या आवरणांतला दाब ठाऊक नव्हता आणि रक्ताभिसरणही ठाऊक नव्हते. तरी त्याच्या सूचना पाळल्या असत्या तर दुसऱ्याच दिवशी पट्टी सोडली गेली असती आणि त्या मुलाचा हात वाचला असता.

त्याच ग्रंथाच्या सुरुवातीला आणखी एक प्रसंग आहे, आणि तो आपल्या प्रश्नाला थेट उत्तर देतो. हात मोडलेला एक रोगी पट्टी बांधून घेण्यासाठी हात पुढे करतो. दुखण्यामुळे त्याला जी स्थिती सोयीची वाटते त्याच स्थितीत त्याने तो धरलेला असतो. वैद्य मात्र त्याला धनुर्धाऱ्यासारखा हात ताणून धरायला लावतो, कारण त्याच्या मते तीच हाताची नैसर्गिक स्थिती असते. लेखक अशा वैद्यांवर रागावतो. त्याचे म्हणणे असे की हाड बसवणे मुळात अवघड नाही, पण हुशारी दाखवण्याच्या नादात वैद्य चुका करतात आणि रोग्याच्या शरीराने दाखवलेली योग्य वाट सोडून देतात. सिद्धान्ताच्या अहंकारावर ही टीका बाहेरच्या कोणी केलेली नाही, ती त्याच परंपरेतल्या एका कारागिराने केली आहे.

निखळलेल्या खांद्याचेही तसेच आहे. सांध्यांवरच्या ग्रंथात खांदा बसवण्याच्या अनेक रीती दिल्या आहेत. त्यांतल्या एकीत रोग्याला जमिनीवर उताणे झोपवतात, वैद्य दुखऱ्या बाजूला बसतो, रोग्याचा हात दोन्ही हातांनी धरून ओढतो आणि आपली टाच त्याच्या काखेत रोवून उलट दिशेने जोर देतो. उजव्या खांद्याला उजवी टाच आणि डाव्या खांद्याला डावी टाच. काखेच्या खोलगट भागात बसेल असा चामड्याचा छोटा चेंडू आधी ठेवावा, नाहीतर टाच नीट टेकत नाही, इतका बारकावा त्यात आहे. ही रीत आजही पाठ्यपुस्तकांत हिप्पोक्रॅटिसच्या नावाने आहे. मी निवासी डॉक्टर असताना ती शिकलो आणि रात्री-अपरात्री वापरलीही. आता मी ती शिकवत नाही, कारण टाचेच्या दाबाने काखेतल्या नसांना आणि रक्तवाहिन्यांना इजा होण्याची भीती असते. टाचेऐवजी चादरीचा पट्टा लावून उलट ओढ देता येते. तत्त्व मात्र तेच राहते.

खांदा जागेवर बसतो तेव्हा हाताला तो ‘टक्’ जाणवतो, रोग्याचा चेहरा त्याच क्षणी सैल पडतो आणि काही सेकंदांपूर्वी हलवता न येणारा हात हलू लागतो. तिथे वैद्याला स्वतःची फसवणूक करून घेता येत नाही. वाकड्या पावलाने जन्मलेल्या बाळांबद्दल त्या ग्रंथात जे सांगितले आहे, तेही अशाच निरीक्षणातून आले आहे. उपचार शक्य तितक्या लवकर सुरू करावा, पाऊल हातांनी हळूहळू सरळ दिशेकडे वळवावे, मेण आणि राळ लावलेल्या पट्ट्यांनी ते त्या स्थितीत धरून ठेवावे आणि किंचित पलीकडेच वळवलेले ठेवावे. आज आम्ही आठवड्याला एक याप्रमाणे प्लास्टर बदलत जे करतो, त्याचा सांगाडा हाच आहे.

याच ग्रंथात पाठीच्या कुबडाबद्दल एक भाग आहे, आणि माझ्या मते प्राचीन वैद्यकातले ते सर्वांत मोलाचे पान आहे. काही वैद्य कुबड असलेल्या रोग्याला शिडीला बांधून ती शिडी उंचावरून आपटत. लेखक म्हणतो की गर्दीला थक्क करण्यासाठी हे चालते आणि ज्यांना अशी हौस आहे त्यांना पुढे काय होते याची पर्वा नसते. मग तो स्वतःचा एक प्रयोग सांगतो. त्याने कुबडाखाली चामड्याची रिकामी पिशवी ठेवून तिच्यात हवा भरून पाहिली. उपाय फसला. का फसला हे तो तपशिलाने लिहितो आणि पुढे म्हणतो की हे मी मुद्दाम लिहीत आहे, कारण करून पाहिलेल्या गोष्टी निष्फळ ठरल्या आणि त्या का ठरल्या, हे कळणेही शिकण्यासारखे असते. चार द्रवांचा सिद्धान्त मानणाऱ्या जगात राहून हे वाक्य लिहिता येत होते, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

अर्थात इथेही त्यांच्या मर्यादा कठोर होत्या. मांडीचे किंवा दंडाचे हाड मोडून कातडीबाहेर आले, तर असे रोगी क्वचितच वाचतात, असे तो अस्थिभंगांचा ग्रंथ उघडपणे सांगतो, आणि सन्मानाने टाळता येत असेल तर अशी प्रकरणे टाळावीत असा सल्ला देतो. आजच्या वाचकाला हे निष्ठुर वाटते. जंतूंची माहिती नव्हती आणि प्रतिजैविके नव्हती, तेव्हा त्या जखमेत हात घालून कदाचित वाचणाऱ्या रोग्याला मारण्याचीच शक्यता अधिक होती, हे लक्षात घेतले की त्या सल्ल्यातला प्रामाणिकपणा दिसतो. जखमा धुण्यासाठी आणि बांधण्यासाठी ते वाइन, व्हिनेगर आणि मध वापरत, आणि ही तिन्ही द्रव्ये जंतूंना खरोखर आवर घालतात. भूल म्हणावी अशी सोय नव्हती. कापण्यापूर्वी किंवा डागण्यापूर्वी मँड्रेक या वनस्पतीच्या मुळाची वाइन पाजावी, असे औषधी द्रव्यांवर लिहिणारा ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीस पहिल्या शतकात लिहितो, पण तिची मात्रा जरा चुकली तरी माणूस दगावू शके. म्हणूनच त्याच शतकातला रोमन लेखक सेल्सस म्हणतो की शल्यचिकित्सक तरुण असावा, त्याचा हात न थरथरणारा असावा, डावा हातही उजव्याइतकाच चालावा, आणि मनात करुणा असूनही रोग्याच्या किंकाळ्यांमुळे त्याने घाई करू नये आणि जरुरीपेक्षा कमीही कापू नये.

आता तापाकडे येऊ, कारण चार द्रवांचा सिद्धान्त खरा राज्य करत होता तो तिथे. ‘साथी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या हिप्पोक्रॅटिसच्या ग्रंथांच्या पहिल्या आणि तिसऱ्या भागात मिळून ४२ रोग्यांच्या नोंदी आहेत, आणि त्यांतले २५ दगावले. आपल्या निम्म्याहून अधिक रोग्यांचा मृत्यू लिहून ठेवणारा वैद्य जाहिरात करत नव्हता, एवढे तरी मान्य करावे लागते. पहिलीच नोंद थासोस बेटावरच्या फिलिस्कस नावाच्या माणसाची आहे. तो तटाजवळ राहत असे. पहिल्या दिवशी ताप, घाम आणि अस्वस्थ रात्र. मग बडबड, काळी लघवी, गार पडलेले हातपाय. आणि सहाव्या दिवशी दुपारच्या सुमारास मृत्यू. मध्येच लिहिले आहे की त्याचा श्वास शेवटपर्यंत असा चालला होता, जणू श्वास घ्यायचे त्याला आठवून आठवून सुचत होते. मरणासन्न रोग्याजवळ जो बसला आहे त्याला हा श्वास ओळखू येतो. त्या नोंदीत उपचार जवळजवळ नाहीतच.

मग द्रवांचा सिद्धान्त इतका खरा का वाटला? तापाचा क्रम खरोखरच ठरावीक असे. भूमध्य समुद्राच्या काठी हिवताप घरोघरी होता. त्याचे जंतू तांबड्या पेशी फोडून ४८ किंवा ७२ तासांच्या अंतराने बाहेर पडतात, म्हणून ताप एका दिवसाआड किंवा दोन दिवसांआड चढतो. प्रतिजैविके येण्यापूर्वी न्यूमोनियाचा तापही पुष्कळदा आठवड्याभराने एकदम घामासह उतरत असे. ग्रीक वैद्यांनी हे दिवस नेमके मोजले आणि त्यांना निर्णायक दिवस म्हटले. निरीक्षण खरे होते. त्यांनी दिलेले कारण असे की शरीरातला कच्चा द्रव शिजतो आणि मग बाहेर टाकला जातो. घाम, उलटी, जुलाब, नाकातून रक्त, असे काहीतरी बाहेर पडताना दिसतच असे, त्यामुळे हे स्पष्टीकरण डोळ्यांसमोर घडल्यासारखे वाटे. रोगी वाचला तर द्रव शिजला, आणि दगावला तर शिजण्याआधीच रोग बळावला. ज्या स्पष्टीकरणात दोन्ही निकाल बसतात ते कधी खोटे पडत नाही. निखळलेल्या खांद्याबाबत अशी पळवाट नव्हती.

सुदैवाने त्या काळच्या पुष्कळ वैद्यांचा तापावरचा मुख्य उपचार सौम्य होता. जवाची पातळ, गाळलेली पेज, पाण्यात कालवलेला मध, मध आणि व्हिनेगर यांचे मिश्रण, अंथरूण आणि पहारा. तापाने आणि जुलाबाने सुकलेल्या माणसाला द्रव, साखर आणि थोडे अन्न मिळत होते. त्यामागची कारणमीमांसा चुकीची होती, तरी पेजेने रोग्याला आधार मिळत होता. शिवाय तो वैद्य रोज येऊन चेहरा पाहत होता. टोकदार झालेले नाक, खोल गेलेले डोळे, बसलेली कानशिले, गार आणि आक्रसलेले कान, असे मरणाजवळच्या चेहऱ्याचे जे वर्णन तेव्हा लिहिले गेले ते आजही हिप्पोक्रॅटिसच्या नावाने शिकवले जाते. पुढे काय होणार हे आधी सांगितले की लोकांचा विश्वास बसतो आणि दगावलेल्या रोग्याचा दोष वैद्यावर येत नाही, असे तो लेखक स्वतःच लिहितो. लोक वैद्याकडे का जात याचे मोठे उत्तर यात आहे. घरच्यांना बरे होण्याइतकीच ‘आता काय होणार’ हे कळण्याची गरज असते, आणि माझ्या बाह्यरुग्ण कक्षातही मी हे रोज पाहतो.

खरे नुकसान झाले ते रक्त काढण्याने, आणि तिथे गेलनची जबाबदारी मोठी आहे. हे लिहिताना मला वाईट वाटते, कारण शरीररचनेच्या बाबतीत तो असामान्य माणूस होता. इ.स. १२९ मध्ये आजच्या तुर्कस्तानातल्या पर्गामॉनला जन्मलेला गेलन २८ व्या वर्षी तिथल्या ग्लॅडिएटरांचा, म्हणजे आखाड्यात शस्त्रांनी लढणाऱ्यांचा, वैद्य झाला. उघडे स्नायू, तुटलेले स्नायुबंध आणि कापलेल्या नसा त्याने जिवंत माणसांत पाहिल्या, जखमा वाइनमध्ये भिजवलेल्या कापडाने बांधल्या, आणि आधीच्या वैद्याच्या काळापेक्षा मृत्यू फार कमी झाले असे तो अभिमानाने सांगतो. रोममध्ये त्याने जिवंत डुकराच्या स्वरयंत्राकडे जाणाऱ्या बारीक नसा सर्वांसमोर कापल्या. ओरडणारे डुक्कर त्या क्षणी गप्प झाले, आणि आवाजाचा ताबा मेंदूकडे आहे हे त्याने दाखवून दिले. धमनी दोन जागी बांधून मधला भाग उघडला आणि तिच्यात हवा नसून रक्त असते हे सिद्ध केले. माणसाची हाडे पाहायची असतील तर अलेक्झांड्रियाला जा, असे तो विद्यार्थ्यांना सांगतो. माणसाचे शवविच्छेदन त्याच्या काळात होत नव्हते, म्हणून तो माकडे आणि डुकरे कापत असे, आणि त्यातून आलेल्या चुका शरीररचनेचा अभ्यासक व्हेसेलियस याने १५४३ मध्ये दाखवेपर्यंत टिकल्या.

हाच गेलन तापात शीर उघडून रोगी बेशुद्ध पडेपर्यंत रक्त काढण्याचा सल्ला देतो. त्या काळी याला विरोध नव्हता असे नाही. अलेक्झांड्रियाचा जुना वैद्य एरासिस्ट्रॅटस याचे अनुयायी रोममध्ये होते, आणि शीर उघडण्याऐवजी ते उपवासावर भर देत. गेलनने त्यांच्याविरुद्ध स्वतंत्र ग्रंथ लिहिले, आणि वादात तो जिंकला. का जिंकला, याचे उत्तर मी एक चिकित्सक म्हणून असे देईन. तापाने लाल झालेल्या, तळमळणाऱ्या माणसाचे पुष्कळ रक्त काढले की तो फिका पडतो, गार होतो, घामेजतो आणि शांत पडून राहतो. वैद्याला वाटते की ताप उतरला. प्रत्यक्षात रोगी शॉकच्या, म्हणजे रक्तदाब कोसळण्याच्या, दारात उभा असतो. खांद्याचा ‘टक्’ आणि ही शांतता, दोन्ही लगेच दिसणारे परिणाम आहेत. पण खांदा बसणे म्हणजेच बरे होणे असते, आणि इथली शांतता केवळ बरे झाल्यासारखी दिसते. हा फरक एका रोग्याजवळ बसून कधीच कळत नाही.

म्हणूनच इतकी वर्षे लागली. आपल्याला वाटेल की खरा सिद्धान्त आल्यावर चूक सुधारली असेल. तसे झाले नाही. इंग्रज वैद्य विल्यम हार्वीने १६२८ मध्ये रक्ताभिसरण सिद्ध केले आणि गेलनची रक्ताबद्दलची कल्पना कोसळली, तरी त्यानंतर दोनशे वर्षे डॉक्टर शिरा उघडतच राहिले. पॅरिसचा डॉक्टर पिअर लुई याने न्यूमोनियाचे रोगी मोजले, कोणाचे रक्त लवकर काढले आणि कोणाचे उशिरा याची तुलना केली आणि ती १८३५ मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा या उपचाराच्या पायाला तडा जाऊ लागला. मोजणी आणि तुलना या गोष्टी प्राचीन जगाकडे नव्हत्या. अनुभववादी म्हणवणारा वैद्यांचा एक पंथ होता. तो लपलेली कारणे शोधण्याऐवजी स्वतःचा अनुभव, इतरांच्या नोंदी आणि समान प्रकरणांशी साम्य यांवर विसंबत असे. ते दाराजवळ आले होते, पण रोग्यांचे दोन गट करून मोजण्याची कल्पना त्यांनाही सुचली नाही.

औषधांबद्दल थोडक्यात लिहितो. डायोस्कोरिडीसच्या पाच भागांच्या ग्रंथात सुमारे सहाशे वनस्पती आहेत. अफू खरोखर वेदना शमवत असे आणि झोप आणत असे, जुलाबाची औषधे खरोखर जुलाब करत, आणि बाकीच्या पुष्कळ द्रव्यांचा परिणाम सांगता येण्याजोगा नव्हता. नीरोचा वैद्य अँड्रोमॅकस याने तयार केलेल्या विषहारक मिश्रणात ६४ द्रव्ये होती आणि त्यांत सापाचे मांसही होते. इतकी द्रव्ये एकत्र केल्यावर कशाने काय झाले हे कोणालाही शोधता येणे शक्य नव्हते. मराठी वाचकाला इथे एक ओळखीची गोष्ट भेटते. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दीच्या वर्णनात भडोच बंदरातून निघणाऱ्या मालात कोष्ठ, गुग्गुळ, रसांजन आणि लेंडी पिंपळी यांची नावे आहेत, आणि त्या बंदरात पैठण आणि तेर इथून बैलगाड्यांनी माल येत असे असेही तो सांगतो. रोमन लेखक प्लिनीने दिलेल्या भावानुसार रोममध्ये काळी मिरी ४ दिनारांना पौंडभर मिळे, तर पिंपळीला १५ दिनार पडत. रोमन श्रीमंताच्या खोकल्यावरचे औषध आपल्या बाजूच्या बंदरांतून जात होते.

चार द्रव म्हणजे आपले त्रिदोषच का, असेही अनेक जण विचारतात. दोन्हींत संतुलनाची कल्पना आहे, पण द्रवांची संख्या, त्यांचे स्वरूप आणि त्यांवर उभारलेली चिकित्सा वेगळी आहे, म्हणून एकाला दुसऱ्याचे भाषांतर समजू नये. थेट वंशज शोधायचा असेल तर तो युनानी वैद्यकात मिळतो. ‘युनानी’ म्हणजे आयोनियन, अर्थात ग्रीक. नवव्या शतकात बगदादमध्ये भाषांतरकार हुनैन इब्न इशाक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी गेलनचे ग्रंथ सिरियाक आणि अरबी भाषांत नेले, आणि हकीम ज्याला जालीनूस म्हणतात तो हाच गेलन.

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्यामुळे आजारागणिक बदलते. निखळलेला खांदा, निखळलेला जबडा, साधा अस्थिभंग, वाहणारी जखम, छातीत साठलेला पू, मुतखडा, मोतीबिंदू यांसाठी चांगल्या हाताच्या वैद्याकडे जाणे शहाणपणाचे होते, जरी शेवटच्या तिन्हींत धोका मोठा होता. साध्या तापात पेज देणारा आणि लक्ष ठेवणारा वैद्य घरच्यांपेक्षा थोडा बरा ठरला असता. शीर उघडणारा वैद्य मात्र घरी बसण्यापेक्षा वाईट होता, आणि रोममधल्या श्रीमंत घरात तो भेटण्याची शक्यता थासोसच्या कोळ्याच्या घरापेक्षा अधिक होती. साथीच्या रोगात कोणाचाच उपयोग नव्हता. इ.स.पू. ४३० च्या अथेन्सच्या साथीबद्दल ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीस लिहितो की सर्वांत अधिक मृत्यू वैद्यांचेच झाले, कारण रोग्यांजवळ तेच सर्वांत अधिक जात होते.

आजच्या डॉक्टरने हे का वाचावे, या प्रश्नावर मी माझ्या विभागात काय करतो तेवढेच सांगतो. पहिल्या वर्षाचे निवासी डॉक्टर आले की पहिल्या आठवड्यात मी त्यांना पट्टीबद्दलचा तो उतारा मोठ्याने वाचायला लावतो. मग प्रत्येकाने वॉर्डात जाऊन त्या दिवशी प्लास्टर घातलेल्या एका रोग्याला तोच प्रश्न विचारायचा असतो: दाब जाणवतो का, आणि सर्वांत जास्त कुठे? उत्तर रोग्याच्या शब्दांत वहीत लिहायचे असते. रात्री झोपण्यापूर्वी एकदा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एकदा जाऊन बोटे हाताने चाचपायची, सूज मऊ आहे की टणक, बोटे गरम आहेत की गार, रोग्याला ती स्वतः हलवता येतात का, हे पाहून आधीच्या उत्तराखाली नोंदवायचे. शंका आली तर मला विचारण्यासाठी न थांबता प्लास्टर उभे चिरून सैल करायचे, आणि मग मला उठवायचे.